भरीव, अर्धपोकळ

कॅलमकडे पैसे एकाच गिटारीपुरते
आणि बाकावर दोन.

ग्रिम्सबीच्या गोदीमागे, बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्याला पाठ लावून
विल्फ थॅकरेचं दुरुस्तीचं दुकान:
सरसाचा वास, तापलेल्या हीटरचा,
आणि वारा फिरला की थोडा कॉड मासाही.

मी आधी सुरात लावतो. ते माझं काम.
बारा खुंट्या, सहा जोड्या.
चार जोड्यांत एक तार जाड, दुसरी बारीक, वरच्या सप्तकातली:
बाप बोलत असताना
तेच वाक्य मागून म्हणणारी पोर.
उरलेल्या दोन जोड्या जुळ्या.
जुळ्या अगदी एक केल्यास तर सूर मरतो, विल्फ म्हणतो,
केसभर सोड.
त्या केसभरात काय ते सगळं.

आधी भरीव.
अ‍ॅशचं अखंड लाकूड, तासाभरात खांदा धरणारं.
कॅलम डी वाजवतो
आणि बाराच्या बारा तारा मोजून घ्याव्यात अशा,
खणखणीत,
गल्ल्यावर ओतलेली नाणी.
तो हात उचलतो, तरी डी उभाच.
चहाचा घोट घेतो, तरी उभा,
येतो म्हणून दारात रेंगाळणारा पाहुणा.

मग अर्धपोकळ.
मधोमध मेपलचा ठोकळा, दोन्ही बगला रिकाम्या,
अंगावर दोन वळणदार खाचा
(एकीतून विल्फची पेन्सिल आत गेली ती गेली).
तोच डी. पण आता
नाणी कापडी पिशवीत.
सूर आधी फुगतो,
बाप कुठला पोर कुठली कळेनासं होतं,
आणि भरीवच्या मानाने फार लवकर
काचेवरच्या वाफेसारखा मागे सरतो.
आवाज वाढवला तर मात्र ती आपली आपणच रडायला लागते,
तारेला बोट न लावता.
आत जागा असली की असं होतं.

कुठली चांगली?
कॅलम विल्फला विचारतो. पुन्हा विचारतो.
शेवटी मी पाटीवर खडूने लिहितो.

चौदा वर्षं ट्रॉलरच्या इंजिनखोलीत,
उरलेलं अँप्लिफायरांनी नेलं.
विल्फ वाकतो,
भरीव गिटारीच्या शिंगाला वरचे दात टेकवतो,
डोळे मिटतो, बोटाने खूण करतो: वाजव.

डी त्याच्या जबड्यात शिरताना
मला दिसतो. गालावरचे पांढरे खुंट थरथरतात.
तो हसतो, दात न काढता.
"ही!"
जरा मोठ्यानेच. किती मोठ्याने, ते त्याला कळत नाही.
मग दुसरीलाही दात लावतो,
थोडा वेळ तसाच राहतो,
मान हलवतो.

मेव्हिस सँडविच घेऊन आलेली, दारातच थांबलेली.
"ती विकायला कधी काढली?"
हे मला. त्याला नव्हे.
"वायर न लावता वाजवायचा स्वयंपाकघरात,
मी वर चादरी घालताना ऐकायचे.
भरीव वाजवली की नुसतं खरवडणं यायचं,
उंदीर असल्यासारखं."

कॅलम चटकन पैसे मोजतो.
भरीव पेटीत जाते, पेटी बसच्या दिशेने.

दुकान बंद करायच्या वेळी
मेव्हिस स्टुलावर बसून अर्धपोकळ मांडीवर घेते.
तिला वाजवता येत नाही.
आधी हलवून बघते: पेन्सिल खडखडते. आहे.
मग अंगठा सगळ्या तारांवरून एकदाच.
विल्फने तळवा मागच्या लाकडावर ठेवलेला,
ताप बघावा तसा.
हीटर विझवून मी दारात उभा.

"गेला?" तो विचारतो.

केव्हाच गेला होता.
ती मान हलवते, नाही,
आणि तो तळवा काढत नाही.